शिकाऊ परिचारिका आणि दातांची निगा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या समारंभाचे निमंत्रण देताना चिटणीसबाईंनी मला विषय सुचवला होता 'स्त्री आणि आरोग्य'. विषय चांगला, पण इतका अफाट की अर्ध्या तासात त्याच्या उंबरठ्यावरही पोचणे कठीण. मी त्यांना म्हटले, "मला दातांवर बोलू द्या." त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "दातांवर अर्धा तास?" मी म्हटले, "माझ्या विद्यार्थिनींच्या दातांवर." तेव्हा त्यांना हसू आले आणि मला परवानगी मिळाली.

मी १९७४ साली एका मोठ्या रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेण्यास गेले, तेथेच नोकरीला लागले, आणि १९८३ पासून निवृत्त होईपर्यंत मुलींना शिकवण्याचे काम केले. आम्हाला 'सिस्टर ट्यूटर' म्हणत. रुग्णाची चादर त्याला न उठवता कशी बदलावी, ताप कसा मोजावा, इंजेक्शन कसे द्यावे, हे सारे आमच्याकडून मुली शिकत. त्यात 'माउथ केअर' म्हणजे रुग्णाच्या तोंडाची निगा हा धडा अगदी पहिल्या काही महिन्यांत येतो. तो सोपा समजला जातो. आणि सोपा समजला जातो म्हणूनच तो सर्वांत वाईट शिकला जातो, असे माझे तीस वर्षांनंतरचे मत आहे.

२००६ साली मी पहिल्या वर्षाच्या वर्गात एक गंमत केली. प्रत्येकीला एकेक चिठ्ठी दिली आणि सांगितले, नाव लिहू नका; दात कशाने घासता, केव्हा घासता, एवढेच खरे लिहा. त्याआधी आठच दिवसांपूर्वी त्यांची चाचणी झाली होती. चाचणीत सर्वांनी लिहिले होते की दात दिवसातून दोनदा घासावेत, रात्री झोपण्यापूर्वी अवश्य घासावेत. एकीचेही उत्तर चुकले नव्हते. चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा रात्री दात घासणाऱ्या मुली बोटांवर मोजण्याइतक्या निघाल्या. कोणी पेस्ट आणि ब्रश लिहिले होते, कोणी पांढरी पावडर आणि बोट, कोणी राखुंडी, कोणी सुट्टीत गावी गेल्यावर कडुलिंबाची काडी. एकीने लिहिले होते, 'वसतिगृहात येईपर्यंत मला माझा स्वतःचा ब्रश नव्हता, ताईचाच वापरत होते.' आणि दोन चिठ्ठ्यांवर एकच शब्द होता: मिश्री. त्या दोन चिठ्ठ्यांकडे मी पुढे येणार आहे.

आपण म्हणाल, ज्या मुलींना सारे ठाऊक आहे त्या ते करीत का नाहीत? मलाही पूर्वी हा आळस वाटे. मी त्यावर रागावून बोलतही असे. पण वसतिगृहातील एक दिवस डोळ्यांसमोर आणून पाहा. पहाटे साडेपाचला उठायचे. एका मजल्यावर नळांची एक रांग, तिच्यासमोर पंचवीस-तीस मुली. कोणाला केस धुवायचे असतात, कोणाचा गणवेश भिजत घातलेला असतो. साडेसहाला नाष्टा, सातला वॉर्डात हजर. त्या धांदलीत दोन-चार वेळा ब्रश फिरवला की झाले दात घासून. रात्रपाळी असेल तर आणखीच निराळे. रात्री दोन-अडीच वाजता झोप अनावर होते, तेव्हा वॉर्डाच्या कोपऱ्यातल्या स्वयंपाकघरात चहा होतो, दोन-दोन चमचे साखरेचा, आणि त्यात बुडवायला बिस्किटे. चारला पुन्हा चहा. सकाळी आठला खोलीवर पोचल्यावर अंगावरचा गणवेश उतरवायचेही त्राण नसते. मुलगी तशीच आडवी होते, आणि बिस्किटाचा लगदा दाढांच्या खाचांत तसाच राहतो.

आता तेथे काय घडते ते सांगते, कारण हे नीट समजले की उपदेशाची गरज कमी पडते. आपल्या दातांवर सतत एक चिकट थर धरत असतो. तो नुसता अन्नाचा नसतो, त्यात असंख्य जिवाणूंची वस्ती असते. १६८३ साली हॉलंडमधील लेव्हेनहूक नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याने स्वतः घासलेल्या भिंगाखाली आपल्याच दातांवरचा पांढरा लगदा पाहिला आणि त्यात त्याला हलणारे, वळवळणारे जीव दिसले. हा गृहस्थ रोज सकाळी मिठाने दात घासणारा होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. या जिवाणूंना साखर मिळाली की ते तिचे आम्ल करतात. काही मिनिटांतच दातावरचे आम्ल इतके वाढते की दाताचे वरचे कठीण कवच विरघळू लागते. मग लाळ मदतीला येते. ती आम्ल धुऊन काढते, निघून गेलेला चुना पुन्हा बसवते. याला अर्धा ते एक तास लागतो. म्हणजे एकदाच भरपूर गोड खाल्ले तर लाळेला सावरायला सवड मिळते. पण दर तासाला चहाचा घोट आणि बिस्किटाचा तुकडा चालू राहिला तर तिला सवडच मिळत नाही. आणि झोपेत लाळ जवळजवळ आटते. म्हणून रात्रीचे, किंवा रात्रपाळीच्या मुलींच्या बाबतीत सकाळचे, झोपण्यापूर्वीचे घासणे हे उठल्यानंतरच्या घासण्याहून महत्त्वाचे. आपल्याकडे मात्र उलट आहे. सकाळी तोंड धुतल्याशिवाय चहा घेणे आपल्याला ओंगळ वाटते, पण रात्री जेवून, वर विडा किंवा बडीशेप खाऊन तसेच झोपणे ओंगळ वाटत नाही. देवपूजेपूर्वीची शुद्धी आपण सांभाळतो, आणि दात मात्र रात्रीच्या अंधारात किडतात.

हिरड्यांचेही तसेच. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो नावाच्या दंतवैद्यकाच्या प्राध्यापकाने एक साधा प्रयोग केला. बारा निरोगी माणसे घेतली, त्यांत बहुतेक त्यांचेच विद्यार्थी होते, आणि त्यांना दात घासणे बंद करावयास सांगितले. दहा दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंतच्या काळात झाडून साऱ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासू लागल्यावर त्या बऱ्या झाल्या. मी हे वर्गात सांगितले तेव्हा मागच्या बाकावरची एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, "सिस्टर, आपणही असा प्रयोग करू या." मी म्हटले, "अगं, तो आपल्या वसतिगृहात कित्येक वर्षे चालू आहे. फक्त त्याचा दुसरा भाग कोणी करीत नाही."

वर्ग हसला. मीही हसले. पण भगिनींनो, हे मी बोलत होते तेव्हा माझ्या स्वतःच्या तोंडात उजवीकडच्या दोन दाढा नव्हत्या. ही गोष्ट मी पुष्कळ वर्षे कोणाला सांगितली नव्हती. १९९९ साली एक दाढ इतकी ठणकू लागली की गाल सुजून डोळ्यापर्यंत आला. त्याआधी दोन वर्षे मी लवंगेचे तेल लावून वेळ मारून नेत होते. घरी सासूबाईंचे आजारपण, मुलांच्या परीक्षा, आणि रुग्णालयात माझे वर्ग. दंतवैद्यांनी आरशाने पाहिले आणि एकच विचारले, "रात्री घासता का?" सोळा वर्षे मी तोंडाच्या निगेचा धडा शिकवत होते. मला उत्तर देता आले नाही. एक दाढ त्या दिवशी गेली, तिच्या शेजारची महिन्याने. तिसऱ्या दिवशी सुजल्या गालाने वर्गात गेले, तेव्हा मुलींनी विचारले, आणि 'पडले' असे सांगावे असे क्षणभर मनात आलेही. मग खरे तेच सांगितले. त्या दिवसापासून माझ्या शिकवण्यातला रागावण्याचा सूर थोडा कमी झाला.

पण सगळाच कमी झाला नव्हता, हे मला त्या चिठ्ठ्यांनी दाखवले.

त्याच वर्गात यवतमाळ जिल्ह्यातील एक मुलगी होती. तिच्या पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे होते. ती हसताना हाताने तोंड झाके. इतर मुली तिला 'घासत नाही' म्हणून चिडवत, आणि मला सांगावयास लाज वाटते, मीही मनात तेच धरून चालले होते. एकदा रात्री नऊच्या सुमारास वसतिगृहात फेरी मारताना ती नळापाशी एकटी दात घासताना दिसली. डोळ्यांत पाणी होते आणि हिरड्यांतून रक्त येत होते. डाग जावेत म्हणून ती दिवसातून चारदा, कडक ब्रशाने, कधी मिठाने, कधी कोळशाच्या पुडीने घासत होती. मी तिला आमच्याच रुग्णालयातील दंतविभागात नेले. तेथील डॉक्टरांनी गावाचे नाव विचारले आणि मग विचारले, "लहानपणी पाणी कुठले प्यायचात?" ती म्हणाली, "हापशाचे." यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या भागांत काही ठिकाणी जमिनीतल्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असते. लिटरला दीड मिलिग्रॅमपर्यंत ते चालते. त्याहून जास्त असलेले पाणी लहान मूल वर्षानुवर्षे प्याले, तर हिरडीच्या आत घडत असलेल्या दातावरच डाग उमटतात. ते कितीही घासले तरी जात नाहीत. पाणी त्याहूनही वाईट असले तर हाडेही वाकतात. म्हणजे ज्या मुलीला आम्ही अस्वच्छ समजत होतो ती त्या वर्गातली सर्वांत जास्त घासणारी मुलगी होती. तेच फ्लोराइड योग्य प्रमाणात पेस्टमध्ये असले तर दाताचे कवच बळकट करते, हे तिला कळले तेव्हा ती म्हणाली, "मग गावात कुणी सांगितलं का नाही?" मी काय सांगणार? दुसऱ्या दिवशी वर्गात मी हे सारे समजावून सांगितले, तिचे नाव न घेता. पण नाव घेण्याची गरजच नव्हती. चिडवणे थांबले.

आता मिश्री. आपल्यापैकी मुंबईकडच्या भगिनी तिला मशेरी म्हणतील. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटून पूड करायची आणि बोटाने दात-हिरड्यांना लावायची. ती दोन चिठ्ठ्यांपैकी एक कोणाची, हे मला अक्षरावरून लगेच कळले. माणदेशातली मुलगी, अभ्यासात हुशार, कामाला वाघ. नाव लिहू नका म्हणून सांगितले होते, तेव्हा ते कळल्यावर गप्प बसणे हे माझे काम होते. मी गप्प बसले नाही. तिला बोलावून घेतले आणि म्हटले, "तू परिचारिका व्हायला आलीस आणि तंबाखू लावतेस? लाज नाही वाटत?" ती खाली मान घालून ऐकत होती. मग हळू आवाजात म्हणाली, "सिस्टर, माझी आई लावते. ऊसतोडीला जाते ती. तिलापण असंच बोलला असता का?"

माझ्या आईने जन्मभर मिश्री लावली. दुपारी भांडी झाली की ती मागच्या दारी पायरीवर बसे, पदराच्या गाठीतून लहानशी पितळी डबी काढी, आणि पाव तास तिला कोणी हाक मारलेली चालत नसे. दिवसाभरात तिला एवढाच वेळ स्वतःचा होता. तिला मी कधी लाजवले नव्हते. मुलीच्या प्रश्नाला मी म्हटले, "नाही. नसते बोलले." आणि तिला बसावयास सांगितले.

मिश्री का लागते हे तिच्याकडूनच मला नीट कळले. दात दुखतो, मिश्रीने बधिर होतो. भूक मरते. शौचाला साफ होते म्हणतात. पहाटे उठून कामाला लागायला अंगात तरतरी येते. आणि एकदा सवय लागली की लावली नाही तर डोके दुखते, चित्त थाऱ्यावर राहत नाही. तिला अकराव्या-बाराव्या वर्षी दात दुखला तेव्हा आजीनेच लावली होती. औषध म्हणून सुरू झालेली ही गोष्ट दात घासण्याच्या नावाखाली घरात राहते, म्हणून तिला कोणी व्यसन म्हणत नाही. दातांच्या पेस्टमध्ये आणि पावडरीत तंबाखू घालण्यावर १९९२ साली सरकारने बंदी घातली खरी, पण घरच्या तव्यावर कोण पहारा ठेवणार?

तिचे नुकसान केवळ दातांवर थांबत नाही. हिरड्या मागे सरतात, दातांची मुळे उघडी पडतात, गालाच्या आत पांढरे चट्टे येतात, आणि तोंडाचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. याखेरीज एक गोष्ट आपणा सर्वांना मुद्दाम सांगावीशी वाटते. मुंबईत १२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी झाली होती, ती २००४ साली प्रसिद्ध झाली. तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांत बहुतेक मिश्री लावणाऱ्याच होत्या. त्यांच्या बाळांचे जन्मावेळचे वजन सरासरी १०५ ग्रॅमनी कमी भरले, आणि दिवस पुरे होण्याआधीच बाळंत होण्याचे प्रमाणही त्यांच्यात जास्त आढळले. ज्या घरात गर्भारशीला कोणी सिगारेट ओढू देणार नाही, त्याच घरात तिला मिश्रीची डबी सहज मिळते.

त्या मुलीची मिश्री एका दिवसात सुटली नाही. पहिल्या प्रयत्नात ती नऊ दिवस टिकली. दिवाळीला गावी गेली, पुन्हा लावू लागली आणि परत आल्यावर आपणहून मला सांगितले. मग दंतविभागातून तिची किडलेली दाढ भरून घेतली, कारण मूळ दुखणे राहिले असते तर मिश्री सुटणे अशक्यच होते. सकाळच्या तल्लफेला तिने बडीशेप आणि लवंग जवळ ठेवली. तिसऱ्या वर्षाला पोचेपर्यंत ती मोकळी झाली. तिच्या आईची मात्र सुटली नाही. पण लेकीने दिलेला ब्रश आई मिश्रीच्या आधी वापरते, असे तिने मला सांगितले होते. आम्ही दोघीही त्यावर हसलो.

आता रुग्णांकडे वळते, कारण शिकाऊ परिचारिकेच्या दातांची गोष्ट तिच्यापाशी संपत नाही. जी स्वतःच्या तोंडाकडे पाहत नाही ती दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत नाही. एका सकाळी मी पुरुषांच्या वॉर्डात गेले. अर्धांगाचा झटका आलेले एक वृद्ध गृहस्थ चार दिवसांपासून अर्धवट शुद्धीत होते. रिपोर्ट बुकात रात्रपाळीच्या विद्यार्थिनीने लिहिले होते, 'माउथ केअर दिली.' मी त्यांचे तोंड उघडून पाहिले. जीभ वाळून भेगाळली होती, टाळ्यावर तपकिरी खपली धरली होती, आणि लुळ्या पडलेल्या बाजूच्या गालात भाताची शिते आणि अर्धी विरघळलेली गोळी तशीच होती. अशा रुग्णाला त्या बाजूला काय अडकले आहे ते कळत नाही, म्हणून तेथेच पाहावे लागते. त्यांच्या पत्नी उशाशी बसल्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "मीच करीन हो बाई. पोरींना कशाला उष्ट्यात हात घालायला लावता?"

भगिनींनो, 'उष्टे' या शब्दाशी माझे सारे शिकवणे अडून बसले होते, हे मला त्या क्षणी कळले. मुलीला बोलावले. ती रडू लागली. म्हणाली, "सिस्टर, मी बेडसोर धुतला, बेडपॅन दिलं, त्याचं काही वाटलं नाही. पण तोंडात हात घालायचा म्हटलं की मला कसंतरी होतं." ती खोटे बोलत नव्हती. लहानपणापासून आपण तिला शिकवले की दुसऱ्याची लाळ लागली की ताट बाटले, पेला बाटला. आणि अठराव्या वर्षी एका सकाळी गणवेश चढवून सांगितले की आता परक्या माणसाच्या तोंडात बोट घाल. मधली पायरी आम्ही कोणी बांधलीच नव्हती.

त्या गृहस्थांना पुढे ताप आला, छाती भरली, आणि आठव्या दिवशी ते गेले. मुलीने मला विचारले, "माझ्यामुळे का?" तिला धीर द्यावा म्हणून खोटे सांगणे मला बरे वाटले नाही. मी म्हटले, "गिळता न येणाऱ्या माणसाची छाती सारे केले तरी भरते. पण तोंडातली घाण श्वासाबरोबर फुप्फुसात उतरते, हेही खरे. जे करावयाचे ते आपण केले नाही, एवढे मात्र आपण दोघींनी लक्षात ठेवायचे." मी दोघींनी म्हटले ते उगीच नव्हे, ती सही तपासण्याचे काम माझे होते.

त्यानंतर मी धड्याची रीत बदलली. ट्रे लावून दाखवणे, बाहुलीच्या तोंडात कापसाचा बोळा फिरवणे, हे पुरेसे नाही. मी मुलींच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येकीने दुसरीचे दात घासावयाचे, असा नियम केला. घासून घेणारीने डोळे मिटून पलंगावर पडावयाचे, हात हलवावयाचे नाहीत, बोलावयाचे नाही. पहिल्या दिवशी एकीला ओकारी आली, दोघी हसत सुटल्या. पण घासून घेणाऱ्या मुली उठल्यावर काय बोलल्या ते ऐकण्यासारखे होते. "पाणी घशात गेलं तेव्हा जीव घाबरला." "ब्रश आडवा टाळ्याला लागला." "तू मला सांगितलंच नाहीस की आता तोंड उघड." जे पुस्तकात पाच ओळींत लिहिले आहे ते त्यांना पाठीवर झोपल्यावर कळले: शुद्धीत नसलेल्या रुग्णाला कुशीवर वळवावे, पाणी अगदी थोडे घ्यावे, सक्शन हाताशी ठेवावे, त्याच्या दातांमध्ये आपले बोट कधी घालू नये, आणि तो ऐकत नाही असे वाटले तरी काय करतो आहोत ते त्याला सांगावे.

कवळीचीही एक गोष्ट आहे. एका आजीबाईंची कवळी रात्री काढून एका मुलीने रुमालात गुंडाळून उशाशी ठेवली, आणि सकाळी चादरीबरोबर ती धोब्याकडे गेली. आजीबाई दोन दिवस पेजेवर. कवळी सापडली, पण मेट्रनबाईंच्या टेबलावर ती ठेवली गेली तेव्हा माझी जी अवस्था झाली ती मी वर्णन करीत नाही. तेव्हापासून आमच्याकडे कवळी पाण्यात, झाकणाच्या वाटीत, आणि वाटीवर नाव.

रीतीही बदलत जातात. आम्ही शिकलो तेव्हा गुलाबी पोटॅशियम परमँगनेटचे पाणी आणि शेवटी ओठांना बोरोग्लिसरीन हा क्रम होता. लिंबू-ग्लिसरीनचा बोळाही फार चाले. पुढे समजले की लिंबाचे आम्ल दातांना बरे नाही आणि ग्लिसरीनने तोंड उलट कोरडे पडते. मग अतिदक्षता विभागात क्लोरहेक्झिडीनच्या औषधी पाण्याचा काळ आला. कृत्रिम श्वासावर असलेल्या रुग्णांना न्यूमोनिया होऊ नये यासाठी अमेरिकेतील तज्ज्ञांनी २०२२ साली ज्या सूचना दिल्या, त्यांत त्या औषधावरचा भर काढून रोज ब्रशाने दात घासण्यावर दिला आहे. एवढ्या यंत्रांच्या गर्दीत शेवटी हातात आला तो ब्रशच.

आपणांपैकी अनेकींच्या मुली, भाच्या, सुना आज परिचर्येच्या शिक्षणाला आहेत किंवा जाणार आहेत. ट्रंकेत चादर, मच्छरदाणी, लाडवांचा डबा आपण भरतो. त्यात मऊ केसांचे दोन ब्रश घाला, तीन महिन्यांनी जुना टाकून नवा घ्यावयाचा असे सांगून. पेस्ट फ्लोराइडची असावी, नळीवर हजार किंवा त्याहून अधिक पीपीएम लिहिलेले असते ते पाहावे. वाटाण्याएवढी पुरते, जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर लागत नाही. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी. दोन मिनिटे घासावे, थुंकावे, आणि खळखळून चुळा भरू नयेत, म्हणजे औषध दातांवर राहते. हिरडीतून रक्त आले तर घासणे सोडू नये. रक्त बहुधा न घासल्यामुळेच येते. आठ-दहा दिवसांत थांबले नाही तर मात्र दंतवैद्यांना दाखवावे.

आणि एक. गरोदरपणी हिरड्या सुजतात, रक्त येते. तेव्हा घरातल्या वडील बायका 'ब्रश लावू नको, दात हलतील' म्हणतात, बाळंतिणीला तर महिना-सव्वा महिना बोटानेच घासावयास लावतात. बाळ आईच्या दातांतला चुना ओढून घेते असेही म्हणतात. बाळ दातांतले काही घेत नाही. दात जातात ते त्या महिन्यांत न घासल्यामुळे. मी स्वतः सासू आहे, तेव्हा हे सासवांना सांगण्याचा मला थोडा अधिकार आहे असे समजते.

चिटणीसबाई घड्याळाकडे पाहू लागल्या आहेत. पुढच्या बुधवारी दुपारी तीन वाजता मी मंडळाच्या याच जागेत चार आरसे आणि एक बॅटरी घेऊन बसणार आहे. ज्यांना आपल्या हिरड्या पाहावयाच्या असतील त्यांनी यावे. घरी कामाला येणाऱ्या बाईंनाही बरोबर आणावे, आणि त्यांच्याजवळ मिश्रीची डबी असेल तर ती घरी ठेवून या असे त्यांना सांगू नये. डबीसकट आणावे.